खुराड्याचे अकरा बांबू

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

तेहेतीस वर्षं वनखात्याची दैनंदिनी लिहिली. गस्त किती किलोमीटर, वणवा निरंक, गुन्हा निरंक. रिटायर झालो तेव्हा ठरवलं होतं की आता पेनाला हात लावायचा नाही. पण आज लिहायला बसलो आहे, कारण डोकं फिरलं आहे आणि घरात ऐकून घेणारं कोणी नाही.

आज पहाटे रानमांजर कोठ्यात शिरलं. चार कोंबड्या मारून टाकल्या आणि कोंबडा उचलून नेला. कोंबड्या माझ्या बायकोच्या, रुखमाच्या. लग्नात तिच्या आईनं एक कोंबडी दिली होती, तिचाच हा वंश, छत्तीस वर्षं तिनं तुटू दिलेला नाही. माझी बदली झाली की ट्रकमध्ये आधी कोंबड्यांचं डालं चढायचं आणि मग मी. आता एकोणीस उरल्या. रुखमा रडली नाही. पिसं गोळा केली, हात धुतले आणि म्हणाली, "खुराडा पायजे. या टायमाले पक्का. नाईतर उरलेल्या वाटून टाकीन आन् पुन्हा कोंबडीचं नाव घेणार नाई."

दोन रस्ते आहेत. वडशाला लोखंडी रेडिमेड खुराडा मिळतो, तो आणायचा. किंवा बांबूचा बांधायचा. बांबू म्हणजे जंगल, आणि या गावचं जंगल आता ग्रामसभेचं आहे. सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हापासून गार्ड बाजूला आणि गावाची समिती मालक. समितीचा अध्यक्ष लालसू हलामी. ज्या माणसाला मी चोरीच्या बांबूसकट पकडलं, त्याच्या दारात जाऊन मी बांबू मागू? त्यापेक्षा कोंबड्या आमच्या खाटेवर झोपतील.

लालसूशी माझं जुनं आहे, पण राग ताजा आहे. यंदा नऊ ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या कार्यक्रमात, मला रिटायर कर्मचारी म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची दिली, शाल दिली. मग हा माईकवर आला आणि म्हणाला, "दोन हजार नऊ साली माह्ये अकरा बांबू गेले. आता सारं जंगल आमचं आहे. पण ते अकरा कुठी गेले, ते काई मले सापडले नाई." अख्खा मांडव हसला. रुखमानंसुद्धा तोंडाला पदर लावला होता. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. मी त्याच्यावर केससुद्धा केली नव्हती, नुसता सोडून दिला होता. त्याची ही परतफेड. त्या दिवसापासून मनात एकच आहे: या माणसाला त्याच मांडवात, त्याच लोकांसमोर, खाली मान घालून उभा करायचा.

५ डिसेंबर

वडशाला जाऊन आलो. दुकानदार प्रवीण नावाचा तरणा मुलगा, तोंडाचा पट्टा सुरूच. खुराडा दिसायला झकास. लोखंडी अँगल, बारीक जाळी, वर पत्रा, खाली घाण पडायला ट्रे, चार चाकं. घरी नेऊन दहा-बारा नट आवळले की झालं. पन्नास कोंबड्या मावतात म्हणे. रानमांजराचा बाप आला तरी आत शिरणार नाही.

मी विचारलं, "मे महिन्यात काय?" आमच्याकडे मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवता येत नाही. प्रवीण म्हणाला, "वरतून ओलं पोतं टाकून ठेवा न काका. दिवसातून चार टाइम पाणी मारा." म्हणजे कोंबड्यांच्या दिमतीला मी.

तरी घ्यायचं ठरवलं. लालसूकडे जायला नको, हे सगळ्यात मोठं. ट्रॅक्टर मिळाला की घेऊन येतो म्हणून सांगितलं. बसस्टँडवर झाडीपट्टीच्या नाटकांचे बोर्ड लागले आहेत. एका नाटकाच्या नावात सूड होता, लाल अक्षरांत. बघून बरं वाटलं.

७ डिसेंबर

लालसू स्वतः घरी आला. रुखमानं त्याच्या बायकोला, रीताला, सगळं सांगून ठेवलेलं. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

अंगणात उभा राहूनच बोलला. "सायेब, लोखंडी नका घेऊ जी. उन्हात कोंबडी भाजून निघते. घरवापराले समिती बांबू तशीच देते, नुसती वहीत सही लागते. पण पंधरा दिवस थांबा. अमावस्या आत्ताच गेली. आता चांदणं वाढून राह्यलं. चांदण्यात तोडलेल्या बांबूले घुण लागते. अंधारा पंधरवडा लागून चांदणं सरलं का मी सोता तोडून देतो."

मी बरं म्हणालो आणि त्याला चहाचं विचारलं नाही. रुखमानं विचारलं.

पंधरा दिवस म्हणे. मी काय दूधखुळा आहे? २००९ मध्ये मी त्याला नाक्यावर दुपारपर्यंत बसवून ठेवलं होतं, त्याचे हे पंधरा दिवस. माझ्याकडून वाट बघून घ्यायची आहे त्याला. बांबूवर आमच्या ट्रेनिंगमध्ये अख्खं प्रकरण होतं, त्यात चंद्राचं नाव नव्हतं. आमच्याच स्वयंपाकघरावरचा माळा घ्या. घर बांधलं २०१० च्या उन्हाळ्यात, तेव्हापासून तेच बांबू आहेत. वर धानाची पोती आहेत, माझी लोखंडी ट्रंक आहे, पण एकाला भोक नाही की वाक नाही. टिचकी मारली तर खणखण वाजतात. त्या काळचा मालच तसा होता. ते काय कोणी चंद्र बघून तोडले होते?

९ डिसेंबर

काल दिवसभर विचार केला आणि मार्ग सापडला. रेडिमेड आणला तर कोंबड्यांची सोय होईल, पण लालसूचं काय वाकडं होणार? काहीच नाही. बांबूचा बांधायचा म्हटलं तर मला जंगलात जायला मिळतं. समितीच्या तोडीत, हक्कानं, सही करून. बांबूतोडीचे नियम मला तोंडपाठ आहेत. जमिनीपासून किती उंचीवर तोडायचा, एका रांजीत, म्हणजे बांबूच्या बेटात, किती बांबू ठेवायचे, वर्षाच्या आतला कोवळा बांबू तोडायचा नाही. गावठी कारभार आहे, दहा ठिकाणी चुका सापडतील. एकेक खुंट मोजून आणतो. मग रेंज ऑफिसात अर्ज, मग चौकशी, मग अध्यक्ष मांडवात उभा.

रुखमाला सांगितलं की बांबूचाच खुराडा बांधू, उन्हाळ्यात कोंबड्यांना गार पडेल. ती खूश झाली. म्हणाली, "मंग पंधरा दिवस थांबा." मी म्हणालो की रानमांजर पंधरा दिवस थांबणार आहे का? ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. हा मुद्दा मला आयत्या वेळी सुचला, पण बिनतोड होता.

१३ डिसेंबर

बांबू आणले. अडतीस नग.

सोबत पत्रू होता. पत्रू म्हणजे गावातला बांबूकाम करणारा म्हातारा, सुपं-टोपल्या त्याच्याच हातच्या. चांदणं इतकं होतं की पहाटे निघताना बॅटरी लागली नाही. पत्रू रांजीपाशी जाऊन उभा राहिला आणि कुऱ्हाड चालवेना. "गार्डसायेब, आज नाई तोडत जी कोणी. बांबूत रस आहे." शेवटी मीच कुऱ्हाड घेतली. तेहेतीस वर्षांत हजारो बांबू मोजले, जप्त केले, लिलावात काढले. तोडला मात्र आज पहिल्यांदा. हाताला फोड आले आहेत.

पत्रू बांधाबांध करत होता तोवर मी खुंट मोजले. एकशे चाळीस खुंट पाहिले. एकही चुकीचा नाही. उंची बरोबर, रांजीत जुने बांबू ठेवलेले, कोवळा एक तोडलेला नाही. माझ्या वेळचे ठेकेदार असे तोडत नव्हते. मला इतका राग आला की मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. फक्त दोन कोवळे बांबू तोडलेले सापडले आणि ते मी तोडलेले होते.

येताना समितीच्या झोपडीत सही केली. कारणाच्या रकान्यात लालसूनं लिहिलं, खुराडा. तारखेपुढेही काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं, ते मी वाचलं नाही. मग त्यानं पावती फाडून माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, "राहू दे, पावती कशाला?" तो म्हणाला, "घ्या जी. पावतीशिवाय आमी कोणाच्या हाती काडी देत नाई आन् कोणाच्या हातची घेत नाई." सगळे बघत होते. मी ती चुरगाळून खिशात टाकली.

२२ डिसेंबर

खुराडा झाला. पत्रूच्या हातात कसब आहे, हे मान्य करायला हवं. चार बांबूंच्या पायांवर कमरेइतका उंच, तळाला चिरलेल्या बांबूची जमीन म्हणजे घाण खाली पडेल, भिंतींना शेणमाती, वर कवेलूंचं छप्पर. दाराला आतून-बाहेरून अडसर. कोंबड्या संध्याकाळी स्वतःहून आत गेल्या. रुखमा स्टूल टाकून समोर बसून राहिली, सिनेमा बघतात तशी.

लालसूही बघायला आला. सगळीकडून हात फिरवला, पायाच्या बांबूला नखानं टोकरलं आणि म्हणाला, "काम चांगलं आहे." बांबूबद्दल काही बोलला नाही. जळला असणार.

६ जानेवारी २०२५

खुंटांत काही मिळालं नाही म्हणून हात बांधून बसणारा मी नव्हे. अर्जाला दुसरी बाजू सापडली. जो माणूस स्वतः बांबूचोरीत सापडलेला आहे, तो समितीचा अध्यक्ष कसा? पुरावा माझ्याच हातचा. माझ्या दैनंदिनीच्या सगळ्या कार्बन प्रती माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत.

शिडी लावून वर चढलो. दोन तास माळ्यावर मांडी घालून एकेक वही उघडली. सापडलं. जसंच्या तसं उतरवतो:

"दि. १४/११/२००९. पहाटे ५ ते ९ गस्त. अंधार, चंद्र नाही. लालसू हलामी हा बैलगाडीत ११ नग बांबू आणताना आढळला. कारण विचारता कोंबड्यांचा खुराडा असे सांगतो. माल ताब्यात घेतला. त्याने पावतीची मागणी केली. समज देऊन सोडले. गुन्हा निरंक."

वाचून मलाच माझा अभिमान वाटला. दुसरा गार्ड असता तर त्याला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या असत्या. मी गुन्हासुद्धा नोंदवला नाही. एवढी दया दाखवली आणि त्या दयेवर हा माणूस मांडव हसवतो.

खाली उतरून रुखमाला वाचून दाखवलं. ती भाकर थापत होती. तिनं विचारलं, "मंग ते बांबू कुठी गेले?"

मी म्हणालो, डेपोत गेले असतील. माल डेपोतच जातो.

तिनं वर पाहिलं आणि भाकर उलटली.

९ जानेवारी

रेंज ऑफिसात गेलो होतो. नवे साहेब दीपालीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या वयाचे. अर्ज वाचला आणि म्हणाले, "काका, गुन्हा क्रमांक?" मी सांगितलं की गुन्हा नोंदवला नव्हता. "मग जप्तीची पावती?" ती दिली नव्हती. "मग माल कुठे जमा केला?" मी म्हणालो, पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, कुठे म्हणजे काय. त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "काका, हा देऊ नका. यात तुम्हीच अडकाल."

आजकालच्या पोरांना कामाची पद्धत माहीत नाही. आमच्या वेळी सगळं तोंडी चालायचं. अर्ज परत आणून ट्रंकेत ठेवला आहे. फाडलेला नाही.

१६ फेब्रुवारी

खुराड्याखाली पिवळट भुकटी पडलेली असते. मला वाटलं रुखमा कोंबड्यांना पीठ टाकते. ती म्हणते, टाकत नाही. आज झाडून काढली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढीच. पायाच्या बांबूला कान लावला तर आतून कुरकुर आवाज येतो. टाचणी जाईल एवढी भोकं आहेत, मोजायला घेतली आणि साठावर सोडून दिली.

रॉकेल आणून भोकांत सोडलं. रुखमाला सांगितलं नाही. लालसूच्या कानावर गेलं तर मला गावात राहायला नको.

२७ फेब्रुवारी

काय लिहू? लिहितो.

रुखमा परवापासून बायकांसोबत मार्कंड्याच्या यात्रेला गेली होती. जाताना एवढंच म्हणाली की कोंबड्यांकडे लक्ष ठेवा. पहाटे मोठा आवाज झाला. बाहेर आलो तर खुराडा एका अंगावर बसलेला. मागचा पाय मधोमध मोडला होता, आत भुसा, बाहेर नुसतं साल. तळ फाटला आणि त्यातून रानमांजर आत गेलं. मी काठी घेऊन पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. एकोणिसातल्या चौदा गेल्या. पाच कोंबड्या आंब्यावर चढून बसल्या म्हणून वाचल्या.

आधी लालसूच डोळ्यांपुढे आला. किडका बांबू दिला मला, मुद्दाम. तसाच अनवाणी गेलो. समितीच्या झोपडीत सातआठ माणसं बसली होती, मला तेच हवं होतं. तोंडाला येईल ते बोललो. पंधरा वर्षं डूख धरलास, कोंबड्यांवर काढलास, असं सगळं.

लालसू उठला. वही काढली, पान उघडून पत्रूच्या नातवाला, मिथुनला, दिली आणि म्हणाला, "वाच." मिथुननं मोठ्यानं वाचलं. "श्रीहरी मोहुर्ले, बांबू अडतीस, कारण खुराडा. तारीख तेरा डिसेंबर, पौर्णिमेला दोन दिवस बाकी. थांबा म्हणून दोनदा सांगितले. ऐकले नाही."

मी घरी आलो आणि चौदा कोंबड्या एका ओळीत मांडून ठेवल्या. पुरल्या नाहीत. पुरल्या असत्या तर रुखमाला वाटलं असतं की मी लपवतो आहे.

२८ फेब्रुवारी

रुखमा दुपारी आली. ओळ पाहिली. प्रत्येकीला हात लावून ओळखलं. ही भुरी, ही लंगडी, ही खुडूक बसलेली. प्रसादाची पिशवी अजून खांद्याला होती.

मी म्हणालो, चूक झाली. चंद्राचं खरं निघालं.

ती म्हणाली, "चंद्राचं नाव नका सांगू. आत चला." मला स्वयंपाकघरात नेलं आणि वर बोट दाखवलं. "मोजा."

मी म्हणालो, काय मोजायचं?

"तेहेतीस वर्सं दुसऱ्याचे बांबू मोजले न? आता आपल्या घरचे मोजा."

मी मोजले. मोठ्यानं मोजायला लावले तिनं. अकरा.

"मी पंधरा वर्सं याच्याखाली भाकर थापून राह्यली. दरवेळी वर पाह्यलं का मले तो माणूस दिसते, तुमी गाडी आपल्या दारात आणली तवा मागं हात जोडून पळून राह्यला. अंधाऱ्या पंधरवड्यातले बांबू आहेत ते. म्हून वाजतेत. खुराड्यासाठी आणले होते त्यानं. त्या बांबूंचा खुराडा झाला नाई, म्हून रीताच्या तेरा कोंबड्या पुढच्याच पावसाळ्यात रानमांजरानं नेल्या. तुमाले कोणी सांगतलं नाई, कारण तुमी सायेब होते."

मग तिनं उरलेल्या पाच कोंबड्या डाल्यात घातल्या आणि रीताच्या खुराड्यात नेऊन सोडल्या. लालसूचा खुराडा बांबूचाच आहे. मी तो आजवर नीट पाहिलेलाच नव्हता.

मला आठवत नव्हतं असं नाही, हे आज इथे लिहून टाकतो. गुन्हा नोंदवला असता तर माल डेपोत द्यावा लागला असता, आणि मला घर बांधायचं होतं. दया वगैरे नंतर चिकटवली. इतकी वर्षं चिकटवली की तीच खरी वाटायला लागली. ऑगस्टमध्ये मांडव का हसला, तेही मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर एवढा राग आला.

२ मार्च

लालसू आला. रुखमानं बोलावलं होतं. ती म्हणत होती की माळा उतरवून अकराच्या अकरा बांबू त्याच्या अंगणात नेऊन टाका.

त्यानं वर पाहिलं. काठीनं एकेक बांबू ठोकला, सगळे वाजले. मला वाटलं आता हा हसणार. हसला नाही.

"राहू द्या," तो म्हणाला. "धान कुठी ठेवान मंग? मले बांबू नको. बांबू आता लय आहेत."

मी विचारलं, मग काय पाहिजे.

"पावती," तो म्हणाला. "तवा मागतली होती. तुमी देल्ली नाई."

त्यानं समितीचं पावतीबुक सोबतच आणलं होतं. म्हणजे ठरवून आला होता, पंधरा वर्षं ठरवून. सूड कसा घ्यायचा असतो ते मला काल-परवापर्यंत माहीत आहे असं वाटत होतं. मी अर्ज लिहितो, खुंट मोजतो, आरडाओरडा करतो. हा माणूस नुसता थांबला. मला चीड आली, अजूनही येते आहे. पेन त्याच्या हातून जवळजवळ ओढून घेतलं.

दाराशी गेल्यावर तो वळला. "तुमी एक थापडही देली होती, भाऊ. दैनंदिनीत तिले तुमी समज लिवलं, रुखमाताईनं सांगतलं. तिची पावती नको." साहेब नाही म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाऊ म्हणाला, आणि मला ते थापडेसारखं लागलं.

कार्बन खाली ठेवला होता, ती प्रत माझ्याकडे राहिली. इथे चिकटवतो.

"पावती क्र. २१३. दि. १४/११/२००९ रोजीची, आज दि. २/३/२०२५ रोजी दिली. कोणाकडून: श्री. लालसू हलामी. माल: बांबू, ११ नग, उत्तम प्रतीचे. कारण: खुराडा. घेणाऱ्याचे नाव: श्रीहरी मोहुर्ले, वनरक्षक. मालाचे काय केले: माझ्या घराचा माळा."

शेवटचा रकाना भरायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लालसू घाई न करता बसून होता.

१० मार्च

आज ग्रामसभा होती. लालसूनं निरोप पाठवला होता, पावती वाचणार आहे, यायचं तर या. रुखमा म्हणाली, "मी जाऊन राह्यली. तुमचं तुमी पाहा." मीही गेलो. न जाता घरात बसणं जास्त अवघड होतं.

खुर्ची दिली होती, पण मी खाली सतरंजीवर बसलो. तोच मांडव, तेच लोक. आधी खुराड्यांचा विषय निघाला. वडशाचा प्रवीण समितीकडे आला होता, गावासाठी वीस रेडिमेड खुराडे घ्या म्हणत होता. बायका नाही म्हणाल्या. होळीनंतर अंधारा पंधरवडा लागला की बांबू तोडायचा आणि घरोघरी पत्रूच्या हाताखाली बांधायचा असं ठरलं. यादीत पहिलं नाव रुखमाचं घातलं. मी बांबू तोडायचा नाही, फक्त वाहायचा, असं पत्रू म्हणाला.

मग लालसू माईकवर आला. खिशातून पावती काढली, घडी उलगडली आणि वाचली. क्रमांकापासून वाचली, काही गाळलं नाही. माझ्या घराचा माळा, इथपर्यंत वाचून त्यानं कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

मी मान खाली घातली होती आणि वाट बघत होतो. या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.